वार लावू या



गाझियाबाद, नोएडा आणि यमुनेच्या या काठच्या दिल्लीत राहणाऱ्या मराठी घरांना मी हे लिहिते आहे. जून संपायच्या आत मला तुमच्याकडून आठवड्यातला एक वार हवा आहे. पैसेही हवेत, पण थोडे, महिन्याला दोनशे रुपये. वार मात्र पक्का हवा. तो एका मुलीच्या किंवा मुलाच्या नावानं लावून द्यायचा आणि वर्षभर मोडायचा नाही.

मुरादनगर मागे टाकून उसाच्या शेतांमधून आत गेलं की वीटभट्ट्या लागतात. विटा पाडणाऱ्याला इथं पथेरा म्हणतात. पथेरा म्हणजे अख्खं कुटुंब, जसा आपल्याकडे ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि वहीत घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर मांडली जाते. बायकोचं नाव वहीत नसतं, मग मुलांचं कुठून असणार? हंगामाआधी ठेकेदार गावात जाऊन पेशगी देतो, म्हणजे आपली उचल. हंगामात पोटापुरती खर्ची मिळते, आणि सगळा हिशोब शेवटी होतो. ही माणसं बिहारमधून, बुंदेलखंडातून, पश्चिम उत्तर प्रदेशातल्याच दुसऱ्या जिल्ह्यांतून येतात. पावसाच्या तोंडावर भट्टी विझली की ट्रक, ट्रॅक्टर, मिळेल त्यात बसून निघून जातात. बीड-पाथर्डीकडचं कुणी हे वाचत असेल, तर त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको.

मार्चमध्ये अशाच एका भट्टीवर मला ती मुलगी पहिल्यांदा दिसली. नऊ वर्षांची असेल. नक्की वय तिच्या आईलाही सांगता आलं नाही. पथाई मध्यरात्र उलटली की सुरू होते, उन्हं चढायच्या आत होतील तेवढ्या विटा पाडायच्या. बाप चिखल मळून देतो. आई फर्म्यात गोळा आपटते, वरचा चिखल हातानं निपटून काढते आणि फर्मा उपडा करते. मुलांच्या वाट्याला पलट येते. थोडी वाळलेली वीट कुशीवर उभी करायची, म्हणजे दुसरी बाजू सुकते. विटांच्या रांगा अगदी जवळजवळ असतात. मोठ्या माणसाचा पाय पडला की कच्ची वीट दबते, फुटते. लहान मुलाचं पाऊल छोटं, वजन बेताचं, म्हणून हे काम मुलांकडे. ती दोन्ही हातांत एकेक वीट धरून फिरवत, वाकलेलीच, रांगेच्या टोकापर्यंत गेली. मी तिथं उभी होते. एकदाही तिनं पाठ सरळ केली नाही.

काम आटोपल्यावर मी तिला पाटी दिली आणि काही लिहिता येतं का विचारलं. तिनं एक अक्षर काढलं. इंग्रजी होतं, आणि उलटं, आरशात दिसावं तसं. मी म्हटलं, बेटा, हे उलटं झालंय. ती उठली आणि आईचा फर्मा घेऊन आली. भट्टीचा मार्का फर्म्यात उलटा कोरलेला असतो आणि विटेवर सुलटा उमटतो. ती अक्षरं फर्म्यावरून शिकली होती. ‘ईंट पर सीधा हो जाता है,’ तिनं मला समजावलं. कुणी शिकवलेलं नसताना, रोज हाताखालून जाणाऱ्या एका लाकडी चौकटीवरून ही मुलगी अक्षर उचलते. हे पाहिल्यावर तिला शाळेबाहेर ठेवणं मला पाप वाटतं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

सरकारी शाळा तिथून दोन किलोमीटरवर आहे, फुकट आहे. हिला शाळेत घालू या का, असं मी आईला विचारलं. आई नाही म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘दीदी, पलटेगा कौन?’

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही घरांनी मिळून दुसऱ्या एका भट्टीवर चाळीस दप्तरं वाटली होती. वह्या, पेन्सिली, पाण्याच्या बाटल्या, सगळं. मुलांची नावं शाळेत घातली, फोटो काढले, आनंदात परत आलो. दिवाळीनंतर गेलो तर शाळेत चारच मुलं उरली होती. एका दप्तरात बाजरीच्या भाकऱ्या होत्या, बापाला कामावर पोचवायच्या. चूक आमची होती. आम्ही दप्तर दिलं आणि पाठ फिरवली. मधल्या काळात त्या मुलांना ‘आज का गेला नाहीस?’ असं विचारणारं एकही माणूस नव्हतं.

या मुलीच्या आईशी मी पाच-सहा वेळा बोलले तेव्हा उलगडा झाला. खरी अडचण विटांची नव्हती. मुलीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. ती शाळेत गेली तर आई एका हातानं त्याला धरणार की फर्मा धरणार? भट्टीजवळच्याच गावातली एक बाई चार-पाच लेकरं एका छपराखाली सांभाळायला तयार झाली. मग आईनं आपणहून सांगितलं की दुपारची पलट मी करीन. त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या शाळेचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे तिच्या भावाला सांभाळणाऱ्या बाईचं मानधन आहे. पुस्तकांचा नाही, गणवेशाचा तर नाहीच.

माझे आजोबा वार लावून जेवले आणि शिकले. कोकणातून पुण्याला आलेला अकरा वर्षांचा मुलगा, सात घरं, सात वार. म्हातारपणी ते बाकी सगळं विसरले, पण मंगळवारच्या घरी ताक कसं असायचं आणि शुक्रवारच्या घरी त्यांना दाराशी बसवायचे, हे त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं. दाराशी बसवल्याचं सांगताना त्यांचा आवाज सत्तर वर्षांनीही खाली जायचा. आणि ही सोय त्यांना जातीमुळे मिळाली, हेही ते लपवत नसत. ज्यांना कुणाच्या ओसरीवर पाऊल ठेवायची मुभा नव्हती त्यांच्यासाठी वार नव्हते. त्यासाठी शाहू महाराजांना 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढावी लागली. त्यासाठी भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं, घरोघरच्या मुठीमुठीच्या धान्यावर त्यांना जेवू घातलं, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. अच्युतराव आपट्यांनी 1955 साली पुण्यात विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. खेड्यातून आलेली मुलं तिथं आजही राहून शिकतात. तुमच्यापैकी काहीजण स्वतः तिथून शिकून इथं बीईएलमध्ये, बँकांत, नोएडाच्या कंपन्यांत आला आहात, हे मला माहीत आहे. दत्तक-पालक, स्पॉन्सर असे शब्द आपण आता वापरतो. त्यांच्या आधीपासून आपल्याकडे वार होता.

तोच वार मी मागते आहे, ओसरी आणि जात वजा करून. एका मुलामागे सात घरं. सोमवारच्या घरानं सोमवारी फोन करायचा, भट्टीवर अभ्यास घेणाऱ्या आमच्या ताईला किंवा मुलाच्या आईला: आज शाळेत गेली का? गेली असेल तर दोन मिनिटं मुलीशी बोलायचं. गेली नसेल तर का, ते विचारायचं आणि लिहून ठेवायचं. मंगळवारच्या घरानं आधी सोमवारची नोंद वाचायची. शनिवारी आठवड्यात काय शिकली ते ऐकायचं. रविवारचं घर शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष जाऊन येईल. इतकंच. मात्र हे दर आठवड्याला, न चुकता.

हे क्षुल्लक वाटेल. आमचा अनुभव सांगते. शाळा एका दिवसात सुटत नाही. चप्पल तुटते, ई-रिक्षा येत नाही, आईला ताप येतो, वर्गात कुणीतरी ‘भट्ठेवाली’ म्हणून चिडवतं. एक दिवस जातो. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची भीती असते. चौथ्या दिवशी मूल पुन्हा विटांच्या रांगेत असतं, आणि त्याचं नाव शाळेच्या पटावर मात्र वर्षभर तसंच राहतं. पहिल्याच दिवशी कुणी विचारलं तर शंभर रुपयांच्या चपलेवर काम भागतं.

आता हिशोब. एका मुलीमागे महिन्याला चौदाशे रुपये लागतात: ई-रिक्षाचे पाचशे, भावंडं सांभाळणाऱ्या बाईच्या मानधनातला वाटा साडेचारशे, संध्याकाळी दोन तास अभ्यास घेणाऱ्या ताईच्या मानधनातला वाटा तीनशे, आणि वह्या, चपला, औषधं यांचे दीडशे. सात घरांत वाटले की घरटी दोनशे. कुणाला जास्त द्यायचे असतील तर दुसऱ्या मुलाचा दुसरा वार घ्यावा, एकाच मुलाचे सातही वार एका घरानं घेऊ नयेत. एका घराची बदली झाली, आजारपण आलं, तर मुलाचं सगळंच थांबतं. हे आम्ही पाहिलं आहे.

‘शाळा फुकट आहे, सरकार पैसे देतं, मग आपण कशाला?’ असं मला दर बैठकीत विचारलं जातं. सरकार देतं, हे खरं आहे. उत्तर प्रदेशात सरकारी शाळेतल्या मुलाच्या गणवेश, बूट, दप्तरासाठी 1200 रुपये थेट पालकांच्या खात्यात येतात. वडील नसलेल्या, आई-वडील दोघंही नसलेल्या किंवा पालक अंथरुणाला खिळलेल्या मुलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ची स्पॉन्सरशिप आहे, दरमहा 4000 रुपये. अट उत्पन्नाची: शहरात वर्षाला 96 हजारांच्या आत, ग्रामीण भागात 72 हजारांच्या आत. भट्टीवरची कित्येक घरं यात बसतात. अर्ज जिल्हा प्रोबेशन अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा. पण अर्ज करायचा म्हणजे उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, आधार, आधारला जोडलेलं खातं. आधार केंद्रावर आलेली एक आई मला आठवते. यंत्रावर दहाही बोटं ठेवून झाली, एकही जुळेना. पंधरा वर्षं वाळू आणि चिखल हाताळून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. तिला तीन वेळा परत पाठवलं. तीन दिवसांची मजुरी बुडाली, चौथ्यांदा ती गेली नाही. अशा वेळी फॉर्म भरून देणारं, बुबुळांवरून ओळख पटवता येते हे माहीत असलेलं, रांगेत सोबत उभं राहणारं माणूस लागतं. आपल्यातले निवृत्त झालेले काका-काकू, ज्यांनी आयुष्यभर सरकारी कागद हाताळले, त्यांनी यासाठी पुढे यावं. तुमच्या एका सकाळीतून एखाद्या घराला महिन्याला चार हजार मिळू शकतात. मी कितीही दोनशे रुपये गोळा केले तरी ते जमणार नाही.

कायदाही मुलांच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलं म्हणूनही नाकारता येत नाही. मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष शिकवणीनं भरून काढायचं, हे शाळेवर बंधन आहे. उत्तर प्रदेशात त्यासाठी ‘शारदा’ नावाचा कार्यक्रम आहे. शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी नव्या शाळेला अडवता येत नाही. हे भट्टीवर कुणालाच ठाऊक नसतं. एखाद्या शाळेतही मुख्याध्यापकांना कायद्याचा कागद दाखवावा लागतो. दाखवला की बहुतेक जण ऐकतात. शिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. मुलगी रोज येते हे दिसलं की तेच तिच्याकडे जास्त लक्ष देतात.

जूनचीच घाई का? भट्ट्या विझायला आल्या आहेत. हिशोब झाला की रात्रीतून कुटुंबं निघून जातात. मागे ना पत्ता राहतो, ना नंबर, कारण गावी गेल्यावर सिमही बदलतं. निघण्याआधी प्रत्येक मुलाचा एक कागद तयार करायचा आहे: गावाचं नाव, तिथल्या शाळेचं नाव, नात्यातल्या दोघांचे फोन, इथं कितवीपर्यंत आलं, वाचता काय येतं, कुठं अडतं. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, त्याच धर्तीवर आम्ही हा कागद हातानं बनवतो. त्या कागदाच्या पाठीवर सात घरांची नावं आणि वार असतील. जुलैत गावच्या शाळेची घंटा वाजेल तेव्हा बुधवारच्या घराचा फोन दरभंग्याला किंवा बांद्याला जायला हवा. हंगामात कुटुंब परत आलं की मूल पुन्हा इथल्या शाळेत. हा धागा जूनमध्ये बांधला नाही, तर नोव्हेंबरमध्ये आपण पुन्हा पाटीवर उलट्या अक्षरापासून सुरुवात करू.

कामाच्या जागी शाळा नेण्याची वाट मराठी माणसांनीच पाडली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला गुरं चारणाऱ्या आदिवासी मुलांमागे कुरणात गेल्या आणि तिथंच शाळा भरवली. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं नव्वदच्या दशकात मजुरांच्या भोंग्यांत, म्हणजे झोपड्यांत, भोंगा शाळा चालवल्या. ऊसतोड कामगारांच्या तळावर साखरशाळा उभ्या राहिल्या. पुण्यात बांधकामांवरच्या मुलांना रजनी परांजपे यांच्या डोअर स्टेप स्कूलनं शाळेपर्यंत पोचवलं. बाहेरच्या देशांतही असंच घडलेलं दिसतं. हनोईत बूट पॉलिश करणाऱ्या मुलांना मायकेल ब्रॉसॉव्स्की नावाचा एक ऑस्ट्रेलियन शिक्षक 2002 च्या सुमाराला इंग्रजी शिकवू लागला. त्यातूनच पुढे ब्लू ड्रॅगन ही संस्था उभी राहिली. व्हिएतनाममध्ये एकाच कुळातली घरं मिळून निधी ठेवतात आणि कुळातल्या मुलांच्या शिक्षणाला मदत करतात. दरभंग्याच्या मुलीचं इथं कूळ नाही. म्हणून सात घरं मागते आहे.

‘द्यायचंच तर महाराष्ट्रातल्या मुलांना देऊ,’ असंही कुणी म्हणतं. जरूर द्या, तिकडेही द्या. पण वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरम, क्रॉसिंग्ज, या सगळ्या इमारती कुणाच्या विटांवर उभ्या आहेत? आपल्या खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर पिढ्यानपिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत राहिले, परक्या भाषेच्या शाळांत त्यांची मुलं शिकली. तिथल्या कुणीतरी त्यांना आपल्या बाकावर जागा दिली असणारच.

भट्ट्यांखेरीज कनावनीच्या कडेला कचरा वेचणाऱ्यांच्या झोपड्या आहेत. एप्रिल 2022 मध्ये तिथं आग लागली, ती शेजारच्या गोशाळेपर्यंत गेली, गाई जळून मेल्या. तेव्हा आपण सगळ्यांनी खिडक्यांतून धूर पाहिला. त्या झोपड्यांतलीही पाच मुलं आमच्या यादीत आहेत. ही मुलं कुठे गावी जात नाहीत. त्यांचे वार घेणाऱ्याला चालत जाता येईल.

काही गोष्टी आधीच स्पष्ट सांगते, कुणी रागावू नये. मुलांचे फोटो कुणाच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाहीत. वाढदिवसाला मुलांना घरी बोलावून ओळीत बसवून खाऊ वाटणं होणार नाही. आजोबांचा शुक्रवार मला पुन्हा नको आहे. मुलांनी कुणाला आभाराचं पत्र लिहायचं नाही. आणि ‘मी तिला शिकवते, ती घरी थोडी मदत करेल’ असं म्हणणाऱ्यांना वार मिळणार नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, मग शिकवणीच्या नावाखाली का असेना. आपल्याच सोसायट्यांत हे चालतं. कुठं दिसलं तर 1098 ला फोन करा.

गाझियाबाद जिल्हा झाला 14 नोव्हेंबर 1976 रोजी, बालदिनाच्या दिवशी. तोपर्यंत तो मेरठचा एक तालुका होता. या बालदिनापर्यंत आमच्या यादीतल्या तेवीसही मुलांमागे सात-सात घरं उभी राहावीत, असं मी ठरवलं आहे. नऊ मुलांचे सगळे वार भरले आहेत. चौदा मुलांचे भरायचे आहेत, आणि भट्टीवरच्या मुलांचे जूनच्या आत.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, आपण दर महिन्याला हरिपाठाला जमतो त्याच हॉलमध्ये या. येताना पाकीट आणलं नाही तरी चालेल, डायरी आणा. जोडीनं या, घरातल्या कॉलेजच्या मुलांनाही आणा, कारण फोन बहुधा तेच जास्त नेमानं करतील. टेबलावर चौदा कागद मांडलेले असतील. प्रत्येक कागदावर मुलाचं वय, वर्ग, गाव, आणि खाली सोमवार ते रविवार सात रकाने. ज्या रकान्यात नाव नाही तिथं आपलं लिहायचं.

फर्म्यावरून अक्षर शिकलेल्या त्या मुलीचा कागदही तिथं असेल. एप्रिलपासून ती शाळेत जाते आहे, दोन महिन्यांत सहा दिवस चुकली. तिचं कुटुंब 20 जूनच्या सुमाराला निघेल. तिचे पाच वार भरले आहेत. बुधवार आणि शनिवार मोकळे आहेत.